डोक्यावर फिरतंय ते नक्की कोण? शिकारी पक्षी ओळखायचेत तर आधी महिना बघा

पहिलं अख्खं वर्ष मी प्रत्येक मोठ्या पक्ष्याला गरुड म्हणायचो. सासवडच्या पुढे माळावर एकदा बायनॉक लावून अर्धा तास एका "गरुडा"कडे बघत बसलो होतो, मान मोडली, फोटो पन्नास काढले, आणि शेजारून शेळ्या घेऊन चाललेल्या आजोबांनी डोळ्यावर हात धरून एकदाच वर बघितलं आणि म्हणाले, "घार हाय की ती." आणि घारच होती. आजोबांनी शेपटी बघितली होती आणि मी रंग बघत बसलो होतो, एवढाच फरक.

तर हे जे खाली लिहितोय ते नवीन लोकांसाठी, ज्यांना बुलबुल, साळुंकी, खंड्या येतात पण वर आकाशात काही गोल फिरताना दिसलं की पोटात गोळा येतो. मी पुण्याचा, त्यामुळे उदाहरणं पुण्याच्या आसपासची जास्त येतील. विदर्भ किंवा कोकणवाल्यांनी आपापल्या जागा त्यात बसवून घ्या, महिने साधारण तेच आहेत.

सुरुवात: फक्त घार शिका

मी सिरीयसली सांगतोय, पहिला एक महिना दुसरं काही बघू नका. गच्चीवर चहा घेऊन जा आणि घार बघा. आपल्याकडे शहरात वर दिसणाऱ्या दहा मोठ्या पक्ष्यांपैकी नऊ घारीच असतात, त्यामुळे घार पक्की झाली की "ही घार नाही" हे एका सेकंदात कळायला लागतं, आणि सगळी मजा त्या "नाही"मध्ये आहे.

घारीची खूण म्हणजे शेपटीची खाच, माशाच्या शेपटीसारखी. पण इथेच पहिला खड्डा आहे. घारीने शेपूट पंख्यासारखी पसरली की खाच गायब होते आणि कड सरळ दिसते, मग नवीन माणूस लगेच दुसरं काहीतरी म्हणून मोकळा होतो. म्हणून घाई नको, ती वळताना बघा. घार उडताना शेपूट सतत तिरकी करत असते, डावीकडे उजवीकडे, नावेच्या सुकाणूसारखी, आणि पंख मनगटापाशी थोडे वाकवलेले असतात. ही शेपूट पिळायची सवय एकदा डोळ्यात बसली की दोन किलोमीटरवरून घार ओळखता येते, रंग दिसायची गरजच नाही.

कोकणात आणि गोव्यात असाल तर दोन घारी शिका. दुसरी ब्राह्मणी घार, विटकरी अंग आणि डोकं-छाती पांढरी, बंदरावर मासळीच्या आसपास हमखास. मोठा पक्षी ओळखायला सोपा आहे पण तिचं पिल्लू तपकिरी असतं आणि थेट काळ्या म्हणजे आपल्या नेहमीच्या घारीसारखं दिसतं, तिथे परत शेपूटच कामाला येते कारण ब्राह्मणीची शेपूट गोलसर असते, खाच नसतेच.

सामान काय लागतं

फार काही नाही. ८×४२ ची दुर्बीण घ्या. दुकानदार १०× गळ्यात मारायला बघतो कारण नंबर मोठा दिसतो, पण नवख्या हातात १०× थरथरतं आणि उडता पक्षी त्यात सापडतच नाही. कॅमेरा असेल तर उत्तम, फोटो घाण आला तरी चालेल, काळी आकृती आली तरी चालेल, पंखांचा आकार कळला म्हणजे झालं. फोनमध्ये मर्लिन ॲप टाका. ते तुम्हाला आधी जागा आणि तारीख विचारतं बघा, म्हणजे त्या ॲपलाही माहितीये की पक्षी ओळखण्याचं अर्धं काम कॅलेंडर करतं. पण उन्हाच्या विरुद्ध काढलेल्या काळ्या फोटोवर ॲप जे म्हणेल त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, मला एकदा त्याने घारीच्याच फोटोवर तीन वेगवेगळे गरुड सुचवले होते.

आणि एक चांगली बातमी, यासाठी पहाटे पाचला उठायची गरज नाही! जमीन तापल्याशिवाय गरम हवा वर चढत नाही आणि ती चढल्याशिवाय गरुड, गिधाडं, मोठे पक्षी वर जातच नाहीत, उगाच पंख मारून दमायचं त्यांना नसतं. त्यामुळे साडेनऊ-दहा ते एक ही खरी वेळ. बाकीचे पक्षीवाले घरी जाऊन पोहे खात असतात तेव्हा आपण निघायचं. भोवत्यांसाठी (म्हणजे हॅरियर) मात्र सूर्य मावळायच्या आधीचा तास, ते पुढे येईल.

बघायचं काय आणि कुठल्या क्रमाने

रंग सगळ्यात शेवटी. हे भिंतीवर लिहून ठेवा. प्रकाश मागून असेल तर सगळं काळं दिसतं, नर-मादी वेगळी, पिल्लू वेगळं, आणि मोहोळघारीसारखा पक्षी तर एकाच जातीत पांढरटपासून गडद चॉकलेटीपर्यंत कुठल्याही रंगात येतो. आकारमानावर पण भरवसा नको, रिकाम्या आकाशात शेजारी काहीच नसताना शिक्रा पण मोठा वाटतो. कावळा मागे लागला असेल तर मात्र फुकटची मोजपट्टी मिळाली, कावळ्यापेक्षा लहान की मोठा तेवढं लगेच लिहून ठेवा. वर या पक्ष्यांमध्ये बहुतेक वेळा मादी नरापेक्षा मोठी असते हे पण लक्षात असू द्या.

आधी पंख. कोयत्यासारखे टोकदार आणि फटाफट मारतोय म्हणजे ससाण्यांपैकी कोणीतरी. आखूड गोल पंख, लांब शेपूट, चारपाच वेळा पंख मारून मग थोडं तरंगणं, परत चारपाच वेळा, हा शिक्रा किंवा त्याचा भाऊबंद. रुंद फळीसारखे पंख आणि टोकाला हाताच्या बोटांसारखी पिसं सुटी झालेली, म्हणजे गरुड नाहीतर गिधाड, त्यात शेपूट एकदम आखूड आणि डोकं नावालाच असेल तर गिधाड. लांब अरुंद पंख, लांब शेपूट, आणि जमिनीपासून जेमतेम माणसाच्या उंचीवरून शेतावर घिरट्या, हा भोवत्या, म्हणजे हॅरियर.

मग पंख धरलेत कसे ते समोरून बघा. सरळ आडवे की वर उचलून इंग्रजी व्ही सारखे? भोवत्या व्ही करतो, तुरेवाला सर्पगरुड पण घिरट्या घालताना करतो, घार करत नाही.

मग तो करतोय काय. एका जागी हवेत पंख फडफडवत थांबलाय? म्हणजे आपल्याकडे मुख्य चारच नावं उरली. माळावर, पांढराशुभ्र, खांद्यावर काळा डाग, ती कापशी. माळावर किंवा कड्यापाशी, विटकरी पाठ, लांब शेपूट, कबुतराएवढी, ती खरुची म्हणजे केस्ट्रेल. भलामोठा, पोट पांढरट, डोकं घुबडासारखं गोल मोठं आणि एवढ्या जड अंगाने हवेत थांबलाय, तो सापमार गरुड. आणि पाण्यावर थांबून धाडकन पाय पुढे करून आत सूर मारणारा ऑस्प्रे. असं एका सवयीने यादी पन्नासवरून चारवर येते, म्हणून सवयी शिका.

आणि कान उघडे ठेवा. शिकारी पक्षी तुम्हाला दिसायच्या आधी बाकीच्यांना दिसलेला असतो. साळुंक्यांची कचकच एकदम थांबते, खारी एकसुरात टकटक करायला लागतात, टिटवी बोंब मारते, कोतवाल वर जाऊन कोणाच्या तरी पाठीवर चोची मारत असतो. कोतवाल जिकडे चाललाय तिकडे दुर्बीण वळवा, बऱ्याचदा बक्षीस मिळतं. फक्त कोतवाल हा नकलाकार आहे, तो स्वतःच शिक्र्याचा आवाज काढतो आणि बाकीच्यांची पळापळ झाली की त्यांचे किडे ढापतो, त्यामुळे आवाज आला आणि शिक्रा दिसला नाही तर तुमचे कान खराब नाहीत.

आता महिन्यांवर येऊ. मी वर्ष जूनपासून धरतो, शेतकऱ्यांसारखं.

जून ते ऑगस्ट: घरचेच लोक

पावसाळ्यात पाहुणे नसतात, त्यामुळे शिकायला हा काळ बेस्ट आहे, दिसेल तो इथला रहिवासीच. घार, शिक्रा, कापशी, झाडीत सर्पगरुड. मुंबईत आणि कोकणात धो-धो पावसात घारी कमी झाल्यासारख्या वाटतात, इकडे देशावर मात्र असतात.

पहिल्या दोनतीन पावसांनंतर संध्याकाळी वाळवीला पंख फुटून ती ढगाने बाहेर पडते ना, त्या वेळी बाहेर असा. घारी हवेतल्या हवेत पायाने एकेक किडा पकडून उडता उडता चोचीत घालतात, एवढा मोठा पक्षी आणि शेंगदाणे खाल्ल्यासारखं चाललेलं असतं. पाय चोचीकडे नेताना पंख-शेपूट कशी सावरते ते बघायला याच्यासारखी संधी नाही.

शिक्रा याच दिवसांत नीट पाठ करून टाका. सोसायटीच्या बागेत, कॉलेजच्या आवारात, कुठेही असतो. नर वरून राखाडी, डोळे लाल, मादी थोडी तपकिरी आणि डोळे पिवळसर-नारिंगी, पिल्लाच्या छातीवर उभे तपकिरी फराटे. हे फराटे बघून दरवर्षी पावसाळ्यात कोणीतरी नवीन जात सापडल्याच्या आनंदात फोटो पाठवतं. शिक्र्याचंच बाळ असतं ते.

सप्टेंबर-ऑक्टोबर: तारांकडे बघत गाडी चालवा, म्हणजे शेजारी बसणाऱ्याने

पाऊस ओसरला की माळावर गवत गुडघाभर, त्यात नाकतोडे आणि उंदीर, आणि मग सगळ्यांची चंगळ. कापशी या दिवसांत विजेच्या तारेवर दर एकदोन किलोमीटरला एक दिसायला लागते. लाल डोळे, पांढरी-राखाडी, बसल्या बसल्या शेपूट वरखाली करते. पहिल्यांदा दुर्बिणीतून ते लाल डोळे दिसले ना की माणूस या नादाला लागलाच म्हणून समजा.

सप्टेंबर सरता सरता उत्तरेकडचे पाहुणे यायला लागतात. पहिले मी भोवत्यांची वाट बघतो. आपल्याकडे माळावर मुख्यतः दोन, पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या, आणि तळ्यावर बोरूच्या कडेने दलदली भोवत्या. दलदलीची मादी सोपी, गडद चॉकलेटी अंग आणि डोक्यावर साय ओतल्यासारखा पिवळट रंग. ती तळ्यावरून गेली की सगळी बदकं एकदम उठतात, म्हणजे बदकं उठली की आधी तिला शोधा.

माळावरच्या दोघांचे नर पण जमतात. पांढुरका नर अगदी फिकट, भुतासारखा, पंखाच्या टोकाला काळी पाचर. माँटेग्यूचा नर जरा गडद राखाडी, पंखाचं टोक जास्त काळं आणि पंखाच्या वरच्या बाजूला एक आडवी काळी रेघ. पण त्यांच्या माद्या आणि पिल्लं? तपकिरी अंग, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, दोन्ही डिट्टो सेम. मादीच्या मानेभोवती फिकट कॉलर असेल तर पांढुरकी म्हणतात, पण चालत्या गाडीतून, वारा सुटलेला असताना कसली कॉलर दिसतेय. इथे माझा सल्ला एकच, "पांढुरका किंवा माँटेग्यू" असं लिहा आणि पुढे चला. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर, यादी भरताना असा पर्याय खरंच दिलेला असतो, त्यात कमीपणा काही नाही. चुकीचं नाव छातीठोकपणे लिहिणाऱ्यापेक्षा "दोघांपैकी एक" लिहिणारा मला जास्त माहितगार वाटतो.

नोव्हेंबर: अमूर ससाणा, लागली तर लॉटरी

हा एक वेगळाच प्रकार आहे म्हणून जरा जास्त लिहितो. कबुतराहून बारका ससाणा, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, सायबेरिया आणि उत्तर चीनकडे अंडी घालतो आणि थंडी काढायला दक्षिण आफ्रिकेत जातो. वाटेत नागालँडमध्ये, दोयांग धरणाजवळच्या पांगती गावाच्या परिसरात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रचंड संख्येने थांबतो. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून यांची भयानक कत्तल चालल्याचं बाहेर आलं आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती बंद केली, हे फार कमी ठिकाणी घडतं. २०१३ मध्ये तिथून तीन पक्ष्यांच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग लावून सोडले, नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती, आणि तेव्हापासून कळत गेलं की हे लोक नागालँडहून निघून भारत आडवा कापत, बऱ्याचदा आपल्या महाराष्ट्रावरून, थेट अरबी समुद्रावर निघतात आणि न थांबता सोमालियाला जाऊन टेकतात.

आपल्या कामाचा भाग हा, की नोव्हेंबरच्या शेवटी ते डिसेंबरच्या सुरुवातीला घाटमाथ्यावर, लोणावळ्याच्या बाजूला किंवा खाली कोकणात, मोकळं गवत आणि तारा असतील तिथे हे काही तास किंवा एकदोन दिवस उतरतात. नर गडद राखाडी, मांड्या आणि शेपटीखालचा भाग विटकरी, आणि उडताना पंखाच्या आतली पुढची बाजू पांढरी चमकते. मादी खालून पांढरट, त्यावर काळ्या खुणा. पाय दोघांचेही नारिंगी-लाल. खरुचीशी गल्लत होते, पण खरुचीचे पाय पिवळे आणि पाठ विटकरी. आणि खरुची बहुतेक एकटी असते, तारेवर चारपाच छोटे ससाणे ओळीने बसलेले दिसले तर गाडी बाजूला घ्या, इंडिकेटर देऊन घ्या पण घ्या.

मला तिसऱ्या वर्षी दिसले. त्याआधी दोन वर्षं मी डिसेंबरच्या मध्यावर जात होतो, सुट्टी तेव्हाच मिळायची म्हणून. पक्षी कधीच समुद्र ओलांडून गेलेले आणि मी मोकळ्या तारांचे फोटो काढतोय.

डिसेंबर-जानेवारी: गरुडांचा सीझन

आता खरे गरुड. भिगवणला जा. उजनीच्या पाण्यावर कुंभारगावातून नाव मिळते, नावाड्याला आधीच सांगा, दादा फ्लेमिंगो नकोत, ऑस्प्रे आणि गरुड दाखवा, तो खूश होतो कारण सगळे फ्लेमिंगोच मागतात. ऑस्प्रे पाण्यातल्या वठलेल्या झाडावर किंवा खांबावर मासा पायाखाली दाबून बसलेला असतो, पोट पांढरं आणि डोळ्यातून मागे जाणारा काळा पट्टा. काठावरच्या झाडावर काळपट तपकिरी, जाडजूड, घारीच्या दीडपट वाटणारा गरुड बसला असेल तर मोठ्या ठिपकेदार गरुडाचा विचार करा, त्याला पाणथळ जागाच लागते. पाठीवर पांढरे ठिपके फक्त तरुण पक्ष्याला असतात, मोठ्याला नसतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. नाशिककरांना यासाठी नांदूरमध्यमेश्वर आहे, २०२० साली महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) झाली ती हीच.

माळावर दिसणारा मळकट तपकिरी गरुड बहुतेक वेळा पिंगट गरुड, तो इथलाच. स्टेप ईगल पण थंडीत येतो आणि दोघांना वेगळं करताना मी अजूनही घामाघूम होतो. चोचीची कड गालात कुठपर्यंत जाते बघा, स्टेपची डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते, पिंगटची साधारण डोळ्याच्या मध्यापर्यंत. आता हे दिसायला फोटो किती जवळून हवा ते तुम्हीच ठरवा.

या दिवसांत घारींच्या थव्यात एक चोरटा पाहुणा असतो, बूटेड ईगल. आकार घारीएवढाच त्यामुळे शंभर जण बघतात आणि कोणालाच कळत नाही. पण शेपूट सरळ, खाच नाही, पिळत नाही, आणि समोरून येताना मानेच्या दोन बाजूंना, पंख जिथे अंगाला जोडलेत तिथे, दोन पांढरे ठिपके दिसतात, गाडीच्या हेडलाइटसारखे. याचा एक प्रकार खालून पांढरा आणि पंखाची मागची बाजू काळी, तो सोपा. गडद प्रकारासाठी हेडलाइटच शोधावे लागतात. म्हणून म्हटलं आधी महिनाभर घार बघा. आणि घारींमध्येही थंडीत काळ्या कानाची घार उत्तरेकडून येते, जरा मोठी, पंखाखाली पांढरा डाग ठळक, तिला बघून गरुड म्हणायचा मोह आवरा. मला आवरला नव्हता.

शहरवाल्यांनी निराश होऊ नका. उंच टॉवर, मोबाइलचे मनोरे, पाण्याच्या टाक्या यांच्या सगळ्यात वरच्या कठड्यावर थंडीत बहिरी ससाणा बसतो. गालावर काळी मिशी, छाती रुंद, आणि सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाणारा हाच तो. त्याचा इथलाच भाऊ म्हणजे शाहीन, सह्याद्रीच्या कड्यांवर राहतो, डोकं जास्त काळं आणि पोट विटकरी. किल्ल्यावर गेलात तर खालचं धुकं बघून झालं की एकदा कड्यावर पण नजर टाका.

भोवत्यांची संध्याकाळ याच दिवसांत गाठायची. दिवसभर एकेकटे फिरणारे भोवत्या रात्री गवतात जमिनीवर एकत्र झोपतात. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या भागात, सुप्याच्या मयुरेश्वर अभयारण्याच्या आसपासच्या माळांवर, चांगलं गवत राखलेलं असेल तिथे, सूर्य मावळायच्या आधी एक तास लांब बांधावर गप्प बसा. एक येतो, दोन येतात, गवतावर घिरट्या घालतात, बसतात, परत उठतात, अंधार होईपर्यंत त्यांचं जागेवरून चालूच, लोकल ट्रेनमध्ये चौथ्या सीटसाठी चालतं तसं. जवळ जाऊ नका, एकदा उठले की अंधारात दुसरी जागा शोधायला लागते त्यांना.

फेब्रुवारी ते एप्रिल: घरटी, आणि इथे हात आखडता

पाहुणे मार्च-एप्रिलमध्ये निघतात. इथल्यांची मात्र घरटी चालू असतात, बऱ्याच गरुडांची आणि गिधाडांची तर थंडीतच सुरू झालेली असतात. घारीचं घरटं उंच झाडावर, त्यात काटक्यांबरोबर चिंध्या, वायर, प्लास्टिक सगळं. शाहीन आणि लांब चोचीचं गिधाड कड्याच्या कपारीत. कातळावर वरून खाली चुना सांडल्यासारखे पांढरे ओघळ दिसले की तिथे कोणीतरी मोठं बसतंय. पांढऱ्या पाठीचं गिधाड झाडावर घरटं करतं, रायगड जिल्ह्यात म्हसळा-श्रीवर्धनकडे अजून आहेत. अजून आहेत म्हणायचं कारण, जनावरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधामुळे मेलेली गुरं खाऊन गिधाडांची किडनी निकामी व्हायची, आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९ टक्क्यांहून जास्त संपली. जनावरांसाठी ते औषध २००६ मध्ये बंद झालं. आमचे आजोबा गावाबाहेर गिधाडांची रांग लागायची म्हणून सांगायचे, मी पहिलं गिधाड वयाच्या तिसाव्या वर्षी बघितलं.

या महिन्यांत नियम कडक. घरट्याच्या खाली उभं राहायचं नाही, फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, घरट्याचं लोकेशन कुठेही टाकायचं नाही. कापशीसमोर पांढरा उंदीर सोडून फोटो काढणारे महाभाग असतात, त्यांच्या गाडीत बसू नका. आणि माळावर गाडी गवतात घालू नका, चंडोल-टिटवीची अंडी जमिनीवरच असतात. शेतकरी भेटला तर आधी रामराम घाला, काका, पिकातून जात नाही, बांधावरूनच बघतो म्हणा, नव्वद टक्के वेळा तेच सांगतात की ती बोरीच्या झाडावर रोज एक मोठं पाखरू बसतंय बघा.

कुठे जखमी पक्षी सापडला, पतंगाच्या मांज्यात घार अडकलेली तर जानेवारीत हमखास सापडते, तर पाणी पाजू नका, मटण भरवू नका. अंगावर टॉवेल टाका, पाय आधी धरा कारण खरं हत्यार नखं आहेत, चोच नाही, हवा जाईल अशा खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ नंबरवर फोन करा. घरी पाळायचा विचार पण नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

मे: तिसा, सर्पगरुड आणि एक तोतया

उन्हाळ्यात माळावर फक्त वेडे जातात, पण तिसा तेव्हाच मस्त दिसतो. मध्यम आकाराचा, आळशी, बाभळीवर तासन्‌तास बसून, डोळा पांढरट-पिवळा, गळा पांढरा आणि त्यावर मधोमध एक काळी रेघ, उडाला की शेपूट विटकरी. घाटातल्या झाडीत, ताम्हिणीसारख्या ठिकाणी, सर्पगरुड दिसायच्या आधी ऐकू येतो, लांबवर जाणारी शिट्टी, आणि वर बघितलं की काळ्या पंखांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरा जाड पट्टा. यात चुकायला जागाच नाही.

चूक होते ती खाली, घराजवळ. मे संपत आला, ढग जमले की आंब्याच्या झाडावर एक पक्षी येऊन बसतो, राखाडी पाठ, छातीवर आडव्या रेघा, लांब पट्ट्यापट्ट्यांची शेपूट, उडणं पण तसंच, चारपाच वेळा पंख मारून तरंगणं. छोटे पक्षी पण फसतात आणि पळापळ करतात. तुम्ही फोटो काढाल आणि शिक्रा लिहाल. थांबा, चोच बघा. शिक्र्याची आखूड आणि खाली आकड्यासारखी वळलेली, याची सरळसोट, आणि डोळ्याभोवती पिवळी कडी. तरी शंका असेल तर दोन मिनिटं गप्प उभे राहा, तो स्वतःच सांगेल कोण आहे ते, कारण मान वर करून आवाज चढवत चढवत "पेरते व्हा, पेरते व्हा" ओरडणारा शिक्रा अजून कोणी पाहिलेला नाही. पावशा आहे तो.